पडद्याकडे पाहत तोल कसा साधेल?

प्रश्न : माझे वय ६१ असून मी साताऱ्यात राहते. मुलीने मोबाईलवर लावून दिलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाहून मी दोन महिने रोज पहाटे व्यायाम करते. तरीही वाकल्यावर हात पायांच्या बोटांपर्यंत पोहोचत नाहीत, मांडीमागची शीर आखडते आणि अजिंक्यताऱ्यावर चढताना नव्हे, पण उतरताना तोल जाईल अशी धास्ती वाटते. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपला नेम चांगला आहे, घोटाळा वेळेचा आणि मोबाईलच्या जागेचा दिसतो. अंथरुणातून उठल्याबरोबर, त्यातही साताऱ्याच्या थंडीत, स्नायू आखडलेले असतात आणि नेमके तेव्हाच ते ताणले की शीर धरते. म्हणून आधी पाच-सात मिनिटे घरातच चालावे आणि अंगात ऊब आल्यावर ताण द्यावा. व्हिडिओतील शिक्षिका दहा आकडे मोजून पुढे सरकत असल्या, तरी आपल्या वयात एकेका ताणाला ३० ते ६० सेकंद द्यावेत. त्यासाठी व्हिडिओ थांबवण्यात कमीपणा नाही. पायांच्या बोटांना हात लावण्याचा हट्ट मात्र सोडावा. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले असेल, तर पाठ गोल करून पुढे वाकणे मणक्यांना धोक्याचे असते.

तोलाचा प्रश्न निराळा आहे, कारण अंग लवचीक झाले म्हणून तोल आपोआप सुधारत नाही. डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय-घोट्यांतील संवेदना यांच्याकडून येणाऱ्या खबरींवर मेंदू तोल सांभाळतो. एका पायावर उभे राहून मान वळवत पडद्याकडे पाहिले, की नजर आणि डोके दोन्ही हलतात आणि नवख्या माणसाचा पाय डगमगतो. तेव्हा व्हिडिओ आधी बसून पूर्ण पाहावा, मग मोबाईल बाजूला ठेवून ओट्यापाशी अनवाणी उभे राहावे आणि समोरच्या भिंतीवरील एका खुणेवर नजर ठेवून एक पाय उचलावा. प्रथम दोन्ही हातांचा आधार, काही दिवसांनी एका हाताचा, पुढे केवळ बोटांचा, असे करत १० सेकंदांपर्यंत जावे.

उतरणीचे कारण बहुधा मांड्यांत आहे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत जाऊन शरीराचा भार रोखून धरतात, आणि निव्वळ ताण देऊन ही ताकद येत नाही. खुर्चीवर हात न टेकता अगदी सावकाश बसावे, तसेच कठडा धरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून एकेक पाय हळू खाली ठेवावा. दोन्ही दहा-दहा वेळा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोलाचे व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुचवले आहे. आपण चार वर्षे आधीच लागलात तर उत्तमच.

उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा खोली फिरल्यासारखी वाटत असेल, तर मात्र हे सारे थांबवून आधी डॉक्टरांना भेटावे आणि रक्तदाबाची गोळी चालू असल्यास तेही त्यांना सांगावे.