शेअरपॉइंट: परवानगी ग्रुपच्या नावावरून तपासू नकोस

शेअरपॉइंट म्हणजे ऑफिसातल्या याद्या आणि फायली एकत्र वापरायची मायक्रोसॉफ्टची वेब-व्यवस्था. त्यावरची सातपूरच्या कारखान्याची गेटपासची लिस्ट घे. माणूस ‘मेंबर्स’ ग्रुपमध्ये आहे, म्हणून एडिटचं बटण दाखवलंस, तर फसशील. लिस्टचं इनहेरिटन्स (साइटकडून आपोआप येणारी परवानगी) तुटलेलं असू शकतं, किंवा एखाद्या आयटमवर, म्हणजे लिस्टमधल्या एका नोंदीवर, थेट परवानगी दिलेली असते. म्हणून साइटला नाही, त्या आयटमलाच विचार.

शेअरपॉइंट ऑनलाइन असेल तर रेस्टमधलं (वेब पत्त्यावरून माहिती मागायची सोय) ‘गेट युजर इफेक्टिव्ह परमिशन्स’ वापर. लॉगिन नेम पूर्ण दे, पण त्यातला हॅश (#) तसाच ठेवलास तर ब्राउझर पुढचा भाग पाठवतच नाही. तिथे टक्का-तेवीस (%23) लिही. उत्तरात ‘हाय’ आणि ‘लो’ असे दोन आकडे येतात. ‘लो’मध्ये पाहणं १, भरणं २, बदलणं ४, काढणं ८. ‘लो बरोबर ४’ अशी तुलना करू नकोस, बाकीच्या परवानग्यांचे बिटही त्यातच असतात. बिटवाइज अँड कर, म्हणजे ‘लो’ आणि ४ या दोन्हींत असलेले बिटच ठेव. शून्य आलं नाही तर परवानगी आहे.

जुन्या सर्व्हरवर ‘डझ युजर हॅव परमिशन्स’ आहे. ते ‘रन विथ एलेव्हेटेड प्रिव्हिलेजेस’च्या (कोड वाढीव अधिकाराने चालवायची सोय) आत, तिथेच नव्याने उघडलेल्या साइटवर, युजर न देता चालवलंस तर तपासणी त्या माणसाची नाही, सगळे अधिकार असलेल्या सिस्टम अकाउंटची होते. मग शिपायालाही डिलीट दिसतं!

आणि बटण लपवलं म्हणजे कुलूप लागलं असं नव्हे.