कंगवा कोणाच्या हातात?

कॅल्गरीच्या ताईंना सप्रेम नमस्कार.

आपण लिहिता, ‘यजमानांना निळ्या डोळ्यांचा सायबेरियन हस्की हवा आहे, 13 वर्षांच्या लेकीला पांढराशुभ्र सॅमॉएड, इथल्या उणे 30 अंशांत दोहोंपैकी कोणता कुत्रा सोयीचा, एवढेच सांगा.’ थंडीपुरते उत्तर सोपे आहे. हस्की सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांच्या स्लेज ओढत घडला आणि सॅमॉएड नेनेत्स लोकांबरोबर रेनडिअरचे कळप राखत. तुमच्या हिवाळ्याची धास्ती दोघांनाही नाही. दोन पानांच्या पत्रात केस विंचरण्याचा मात्र एकदाही उल्लेख नाही, आणि तिथेच मला राहवले नाही.

ताई, या दोन्ही जातींना वरचे राठ केस आणि त्याखाली दाट मऊ लोकर असे दुहेरी पांघरूण असते. ही आतली लोकर साधारण वर्षातून दोनदा पुंजक्यांनी गळते, आणि त्या काही आठवड्यांत रोज विंचरावे लागते. एरवी हस्कीचे आठवड्यातून एकदा बसल्याने भागते. सॅमॉएडचे केस लांब असल्याने दोन-तीन बैठका तरी हव्यातच.

आमच्याकडे 11 वर्षे सॅमॉएड होती, शेवंती. ‘सगळे मी करीन’ हे तुमच्या लेकीचे वाक्य माझ्या मुलाने अक्षरशः असेच उच्चारले होते, पाचव्या वर्षी तो विद्यापीठात गेला आणि कंगवा माझ्याकडे आला. मी घाईघाईने वरवर ब्रश फिरवीत असे. शेवंती नुकतीच न्हाऊन आल्यासारखी दिसे, पण एकदा कानामागे बोटे घातली तर आत घोंगडीसारखी घट्ट जट लागली, आणि तिच्याखालची कातडी लाल व ओलसर झालेली होती. तेव्हापासून केसांचा भांग पाडून, कातडी दिसेपर्यंत, एकेक पट्टा मुळापासून विंचरायला शिकले. दिवाळीत निरांजनाच्या तुपात तिचा केस सापडला, तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

‘उन्हाळ्यात सरसकट भादरून टाकू’ हे यजमानांचे म्हणणे आपण हसत लिहिले आहे. कृपया त्यांना रागवा. हे पांघरूण उन्हापासूनही राखते, आणि भादरल्यावर केस पुष्कळदा वेडेवाकडे उगवतात. आंघोळीनंतर आतली लोकर पूर्ण वाळवणे हेही त्याच हाताचे काम आहे.

आता हिशेब करा. हे कुत्रे 12 ते 14 वर्षे जगते आणि तुमची लेक पाच वर्षांत घराबाहेर पडेल. म्हणजे कंगवा तुमच्या हातात येणार, आणि तुम्ही तर ‘रात्रपाळीमुळे झोप पुरत नाही’ असे स्वतःच लिहिता! माझ्या धाकट्या जावेकडे हस्की आहे. दीर रोज पहाटे त्याला पळवतात आणि रविवारी गॅरेजमध्ये बसून विंचरतात, म्हणून ते घर सुखी आहे. यजमान एवढे करणार असतील आणि कुंपण उंच व खालून पक्के असेल, कारण हस्की उकरून पळतो, तर हस्की घ्या. सॅमॉएडसाठी तुमच्या घरात आज मला हात दिसत नाही.

बाकीचे थोडक्यात. आईंच्या दम्यासाठी कोणतीच जात निर्धोक नाही, त्रास लाळेतून व कोंड्यातूनही होतो. त्या येण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. डिसेंबरच्या पुणेवारीसाठी कुत्र्याची सोय महिनोन्‌महिने आधी ठरवा. पोह्यांतला कांदा आणि शिऱ्यातले बेदाणे त्याला विषासमान आहेत, हे आजी-आजोबांना आल्या दिवशीच सांगा.

तूर्त ओळखीच्या कोणाकडे दाट केसांचे कुत्रे असेल तर महिनाभर दर शनिवारी तिघांनी त्याला विंचरायला जावे. कोण किती वेळा गेले आणि कोणाला ‘काम निघाले’, ते फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि मला कळवा. जात मग ठरवू.