चेक इंजिनची लाइट आणि ‘दुप्पट होणारी’ पॉलिसी

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“वय ४१, खासगी नोकरी, हातात महिना ७८,०००. घरी पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. घरकर्ज १८ लाख बाकी, हप्ता २१,०००. बचत खात्यात ३५,०००. गाडी २०१८ची, पेट्रोल, ६२,००० किलोमीटर. गेल्या महिन्यात शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेहमीची सर्व्हिसिंग केली: ऑइल, एअर फिल्टर, प्लग. दुसऱ्याच दिवशी चेक इंजिनची पिवळी लाइट लागली. दोनदा गाडी परत नेली, त्यांनी लाइट घालवून दिली, तीन-चार दिवसांत पुन्हा हजर. आता म्हणतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनातून निघणारा धूर स्वच्छ करणारा भाग) गेलाय, ४८,००० लागतील. तिथलाच सेल्सचा माणूस म्हणतो, जुन्या गाडीत पैसे कशाला घालता, २.६ लाखांना आम्ही घेतो, जीएसटी उतरलाय, नवी साडेअकरा लाखांत पडेल. डाउन पेमेंटची अडचण नाही. २०२२ साली बँकेतून घेतलेली गॅरंटीड पॉलिसी आहे, तीन हप्ते भरलेत, ती मोडली की ३.६ लाख आणि वर थोडं व्याज येईल. शिवाय बोनसचे ६०,०००. उरलेलं कर्ज सात वर्षांचं. गाडी दुरुस्त करू की नवी घेऊ?”

पॉलिसीचे कागद तुम्ही सोबत जोडलेत, हे फार बरं केलंत. वर्षाला १.२ लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २४ लाख. विमा संरक्षण १२ लाख. चौथा हप्ता २८ ऑक्टोबरला.

गाडीचं उत्तर देतो, पण शेवटी. तुम्ही ज्याला ‘अडचण नाही’ म्हणता, खरी अडचण तिथेच आहे.

पॉलिसी मोडून ३.६ लाख मिळणार नाहीत. व्याज तर विसराच. तिसऱ्या वर्षात अशा पॉलिसीची हमीची सरेंडर किंमत, म्हणजे मोडल्यावर नक्की हातात येणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के असते, म्हणजे १.२६ लाख. चौथ्या वर्षात ती ५० टक्के होते, म्हणजे १.८ लाख. कंपनी विशेष सरेंडर किंमत थोडी जास्त देईलही, पण ती लेखी मागवून बघा, बँकेतल्या साहेबांच्या तोंडी भरवशावर राहू नका. तुमच्या हिशोबात कर्ज ४.७ लाखांचं होतं. १.२६ लाखच आले तर ते ७ लाखांचं होतं. साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षं धरा: महिना साधारण ११,५००, एकूण परतफेड ९.६ लाख, त्यात व्याजच २.६ लाख. एक पिवळी लाइट विझवायला एवढं?

आता ‘दहा टक्के परतावा’. साहेबांनी म्हणे कागदाच्या मागे गणित करून दिलं: १२ लाखांचे २४ लाख, म्हणजे शंभर टक्के नफा, भागिले दहा वर्षं, दहा टक्के. हे गणित चौथीच्या मुलीला दाखवा, तीही विचारेल की पैसे मिळतात विसाव्या वर्षी, मग दहाने का भागलं? तुमचा पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं. सरासरी साडेपंधरा वर्षं. ७२ला वर्षांनी भागलं की पैसे दुप्पट करणारा दर अंदाजे कळतो; साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे ७२ भागिले १५.५, जेमतेम साडेचार टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी (दर दर तिमाहीला ठरतो, पण २०२० पासून हाच आहे) वीस वर्षांत ३५ लाखांच्या आसपास जातात. अकरा लाखांचा फरक तुम्ही ‘गॅरंटी’ या एका शब्दासाठी मोजताय. घरकर्जाची फाइल मंजूर होताना ही पॉलिसी गळ्यात मारली गेली असणार, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी दोन्ही कागदांवरच्या तारखा सांगतात.

मग मोडायची? नाही. इथे बहुतेक जण दुसऱ्यांदा फसतात.

पॉलिसी पेड-अप करा. म्हणजे चौथा हप्ता भरायचा नाही आणि पैसेही काढायचे नाहीत. दहापैकी तीन हप्ते भरलेत, तर बहुतेक अशा योजनांत मुदतीअखेर रक्कमही तीन दशांश मिळते: २४ लाखांचे ७.२ लाख. तुमच्या पॉलिसीत हेच सूत्र आहे का, ते ‘पेड-अप’च्या कलमात वाचा. असेल, तर तुलना अशी: आज १.८ लाख घ्या, किंवा सतरा वर्षांनी ७.२ लाख. सतरा वर्षांत चौपट म्हणजे साडेआठ टक्के, तेही हमीने. १.२६ लाखच मिळणार असतील तर हाच आकडा दहाच्या वर जातो. साहेबांनी सांगितलेले दहा टक्के मिळवण्याचा हा एकच रस्ता, आणि तो हप्ते बंद करूनच सुरू होतो. हे त्यांना सांगून बघा, चेहरा पाहण्यासारखा होईल.

चालू ठेवली तर? पुढचे सात हप्ते, ८.४ लाख, सरासरी चौदा वर्षं अडकून दुप्पट होतात. पाच टक्के. तेच पीपीएफमध्ये आजच्या दराने २२ लाख, इथे १६.८. ‘तीन हप्ते भरलेत, आता सोडायचं कसं’ हा विचार करू नका. ते तीन हप्ते कुठेच जात नाहीत, ७.२ लाखांत ते बसलेले आहेत.

पण पेड-अप झाली की १२ लाखांचं विमा संरक्षणही तीन दशांशांवर येतं, साधारण ३.६ लाख. आणि खरं सांगायचं तर १२ लाख तरी कुठे पुरत होते? उद्या तुम्हाला काही झालं तर घरकर्जच १८ लाखांचं आहे. वर्षाला १.२ लाख भरून तुम्ही घरातल्या तिघींना सहा लाखांच्या कर्जात सोडून जाणार होतात. साठाव्या वर्षापर्यंतचा एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. निर्व्यसनी माणसाला तुमच्या वयात वर्षाला वीस-पंचवीस हजारांत बसावा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेलाय, ज्याची जाहिरात गाडीवाल्यांइतकी कोणी करत नाही. अर्जात रक्तदाब, साखर, सिगारेट, जे असेल ते खरं लिहा. आणि क्रम चुकवू नका: आधी टर्मची पॉलिसी हातात, मग जुनीचा हप्ता बंद. तपासणीला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून अर्ज या आठवड्यातच. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरेल.

टर्मचे पैसे भागवून वर्षाला ९५,००० ते एक लाख मोकळे होतात, महिन्याला आठ हजार. ते, बोनसचे ६०,००० आणि खात्यातले ३५,००० मिळून वर्षभरात १.९ लाख. तुमचा घरखर्च हप्त्यासकट महिना ६८,०००, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची शिल्लक. एफडी किंवा लिक्विड फंडात ठेवा. ती सहा महिन्यांवर गेल्याशिवाय पीपीएफचं नावही काढू नका, एसआयपीचं तर नकोच. आज खात्यात अर्ध्या महिन्याचा खर्च आहे, म्हणून ४८,००० ऐकल्यावर तुम्हाला सात वर्षांचं कर्ज सोपं वाटलं.

आता लाइट. मी मेकॅनिक नाही, पण खर्चाचा अंदाज वाचणं हा माझा धंदा आहे, आणि या अंदाजात एक गोष्ट नाही: कोड, म्हणजे दोषाचा क्रमांक. २०१८च्या गाडीत ओबीडी, म्हणजे स्वतःचे दोष नोंदणारी यंत्रणा, असतं. लाइट लागते तेव्हा संगणकात कोड आणि त्या क्षणाची इंजिनाची स्थिती नोंदली जाते. त्यांनी दोनदा स्कॅनर लावून ‘लाइट घालवली’, म्हणजे दोनदा ती नोंद पुसली. दुरुस्ती झालीच नाही. तिसऱ्यांदा पुसू देऊ नका.

सर्व्हिसिंगच्या आधी लाइट नव्हती, दुसऱ्या दिवशी लागली. मग पहिला संशय ज्याला हात लागला त्याच्यावर. एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप नीट बसली नसेल तर न मोजलेली हवा आत जाते आणि पी ०१७१ येतो. तिथलीच हवा मोजणाऱ्या सेन्सरची पिन सैल राहिली तर पी ०१०२ किंवा पी ०११३. प्लग किंवा इग्निशन कॉइल नीट बसली नसेल तर मिसफायर, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट न पेटणं, त्याचे पी ०३०० आणि पुढचे. ऑइल भरायचं झाकण आणि डिपस्टिकही बघा. या सगळ्याला हात आणि दहा मिनिटं लागतात. ४८,००० लागत नाहीत.

कन्व्हर्टरचा कोड पी ०४२०. तो आला तरी दोष कन्व्हर्टरचाच असेल असं नाही. सायलेन्सरच्या पाइपातली गळती, मागचा ऑक्सिजन सेन्सर किंवा बराच काळ चाललेला मिसफायर, यांनीही तोच कोड येतो. बाहेरच्या एखाद्या इलेक्ट्रिशियनकडे पाचशे-हजारात स्कॅन करा, कोडचा फोटो घ्या, मग जॉब कार्ड घेऊन त्याच वर्कशॉपमध्ये जा आणि सांगा, तुमच्या कामानंतर हे झालंय, लेखी कारण द्या. टाळाटाळ झाली तर गाडी बनवणाऱ्या कंपनीला ईमेल, तरीही नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. खरंच कन्व्हर्टर बदलायची वेळ आली तर जुना भाग परत मागा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याला भाव आहे, आणि ‘जुना आम्हीच टाकून देतो’ हे वाक्य उगाच कोणी बोलत नाही.

लाइट स्थिर आणि पिवळी आहे तोवर जपून गाडी चालवायला हरकत नाही. लुकलुकायला लागली तर वेग कमी करून जवळच्या गॅरेजला न्या, त्या मिसफायरमध्ये चांगला कन्व्हर्टरही जळतो. लाल लाइट, ऑइलची किंवा तापमानाची, लागली तर गाडी बाजूला घेऊन बंदच करायची.

आणि २.६ लाखांचा भाव लाइट लागलेल्या गाडीचा आहे, तुम्ही घाबरलेले असताना दिलेला. विकायचीच झाली तर लाइट विझल्यावर तीन ठिकाणी भाव काढा. ६२,००० किलोमीटरची पेट्रोल गाडी अजून पाच-सहा वर्षं सहज चालेल.

कोड कळला की लिहा. टर्मचा अर्ज मात्र माझ्या उत्तराची वाट न बघता करा, २८ तारीख जवळ आली आहे.