वाफ, बाष्प, आर्द्रता, दमटपणा : कुठे कोणता शब्द?

प्रश्न असा आहे : हवेत असते ती ‘वाफ’ म्हणायची की ‘बाष्प’? ‘आर्द्रता’ आणि ‘दमटपणा’ एकच का? आणि आर्द्रता ९० टक्के म्हणजे हवेत ९० टक्के पाणी का?

वाफ आणि बाष्प मुळात एकच. संस्कृत ‘बाष्प’ प्राकृतातून झिजत झिजत मराठीत ‘वाफ’ झाला. पुढे मूळ रूपही ग्रांथिक भाषेतून परत आलं आणि दोघांनी कामं वाटून घेतली. वाफेला उष्णता चिकटलेली आहे : वाफेने हात भाजतो, सर्दी झाली की वाफ घेतो, पूर्वी आगगाडीचं इंजिन वाफेवर चालायचं. बाष्पाला ती लागत नाही. ओला कपडा सावलीतही वाळतो. त्यातल्या पाण्याची ‘वाफ झाली’ असं सहसा कोणी म्हणत नाही, तिथे बाष्पीभवनच लागतं. वारेही ‘बाष्पयुक्त’ असतात. संस्कृत काव्यात बाष्प म्हणजे अश्रूही, पण तो अर्थ मराठीत जवळजवळ उरलेला नाही.

आणखी एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पाणी उकळत असलेल्या किटलीच्या तोटीकडे नीट बघा. तोटीला लागून थोडी जागा अगदी पारदर्शक दिसते आणि पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत खरं वायुरूप पाणी असतं. पुढचा पांढरा लोट म्हणजे गार हवेत आल्यावर बनलेले पाण्याचे बारीक थेंब. थोडं पुढे गेल्यावर तेही नाहीसे होतात, कारण त्यांचं पुन्हा बाष्प होतं. बोलीत आपण वाफ म्हणतो ती बहुधा दिसणारी. बाष्प मात्र कधीच दिसत नाही. ढग आणि धुकं दिसतं, म्हणून ते बाष्प नव्हे. ‘आकाशात बाष्पाचे ढग’ असं लिहिलेलं आढळतं, ते टाळावं. म्हणून हवेतल्या अदृश्य पाण्यासाठी ‘बाष्प’च वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता टक्के. हवामानाच्या बातमीतली आर्द्रता ही ‘सापेक्ष आर्द्रता’ असते. त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढं बाष्प राहू शकतं, त्याच्या किती टक्के आहे, एवढंच ती सांगते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकतं, १० अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम. म्हणजे १० अंशांची १०० टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांच्या ५० टक्केवाल्या हवेपेक्षा कोरडी! ग्रॅममधल्या मापाला ‘निरपेक्ष आर्द्रता’ म्हणतात. एकूण हवेत बाष्पाचा वाटा फार झाला तर चार टक्क्यांच्या आसपास जातो, तेव्हा ‘९० टक्के पाणी’ हा अर्थ निघूच शकत नाही. ‘दवबिंदू’बद्दलही असाच घोटाळा होतो. कवितेत तो पानावरचा थेंब, हवामानशास्त्रात मात्र ते एक तापमान : हवा गार होत गेली की ज्या अंशाला ती बाष्पाने संपृक्त होते, म्हणजे सापेक्ष आर्द्रता १०० टक्के होते, तो.

दमटपणा हे माप नव्हे, ती अंगाला होणारी जाणीव. घाम वाळत नाही, कपडे चिकटतात, तेव्हा हवा दमट. थंडीत धुक्याच्या पहाटे आर्द्रता शंभराला टेकते, पण तिला आपण दमट म्हणत नाही, गारठा म्हणतो. वारा पडलेला, आभाळ भरलेलं असलं तर हवा ‘कुंद’. बंद खोलीतली ‘कोंदट’. कोंदट हवेत बाष्प जास्त असेलच असं नाही, तिथे हवा खेळत नाही ही तक्रार असते. दमट हवेला ‘जड’ही म्हणतात. जाणीव म्हणून ते ठीक, पण वजनाच्या दृष्टीने उलटं आहे : पाण्याचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, त्यामुळे त्याच तापमानाची आणि दाबाची दमट हवा कोरडीपेक्षा हलकी असते.

याच घरातलं, विचारलेलं नसलं तरी सांगावंसं वाटणारं क्रियापद म्हणजे ‘सादळणे’. काडेपेटीतली काडी सादळते, कागद सादळतो. भिजणं वेगळं, ओल येणं वेगळं. थेंबही न पडता नुसत्या हवेतल्या बाष्पाने वस्तू मऊ पडते ते सादळणं. ‘आर्द्रतेमुळे कागद खराब झाला’ असं लिहिताना हा शब्द हाताशी असतो, तो वापरावा.