मेयोचा संघ ऑल-आयर्लंड कधी जिंकेल का?

तुम्ही नोकरीसाठी कॅसलबारला येताय, नव्या सहकाऱ्यांचे फुटबॉलवरचे वाद आत्ताच कानावर पडलेत, आणि विचारताय की मेयो काउंटीच्या गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा खास खेळ) संघाला खरंच काही आशा आहे की लोक नुसतेच भावनेच्या भरात बोलतात. मी इथेच राहतो आणि इथल्या पाण्याचा गुण म्हणून संघाचा पाठीराखाही झालोय. तरी सरळ सांगतो: उपांत्य फेरीपर्यंत जाण्याची धमक आहे, चषक उचलण्याची अजून नाही. अडतंय ते गोल करणाऱ्या फॉरवर्डवर.

आधी शापाचं उरकून घेऊ, कारण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तो ऐकवणारच. मेयोने सॅम मॅग्वायर चषक (ऑल-आयर्लंड म्हणजे काउंट्यांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचा चषक, इथे नुसतं 'सॅम' म्हणतात) शेवटचा जिंकला 1951 मध्ये. परतताना फॉक्सफर्ड गावात अंत्यविधी चालला होता, संघ जल्लोष करत तसाच पुढे गेला, म्हणून पाद्रीबाबांनी शाप दिला की यांच्यातला एक जरी हयात असला तरी मेयो पुन्हा जिंकणार नाही. पुरावा शून्य. त्या फायनलमध्ये खेळलेल्यांपैकी शेवटचे, पॅडी प्रेंडरगास्ट, 2021 मध्ये वारले. त्यानंतरच्या चार मोसमांत, म्हणजे 2025 पर्यंत, मेयो एकदाही फायनलला पोचला नाही. शाप होता तेव्हा निदान फायनल तरी खेळत होते!

1989 ते 2021 या काळात मेयोने 11 फायनल गमावल्या. त्यातल्या 2013, 2016 आणि 2017 च्या एकेका पॉइंटने, तिन्ही डब्लिनकडून. वाद सगळ्यात जास्त पेटतो तो 2016 वरून. या खेळात चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 पॉइंट. दांड्यावरून गेला तर 1. पहिल्या लढतीचा स्कोअर होता डब्लिन 2-9, मेयो 0-15 (आधी गोल, मग पॉइंट). हिशोब करा, बरोबरी. आणि डब्लिनचे ते दोन्ही गोल मेयोच्याच खेळाडूंकडून स्वतःच्या जाळ्यात गेले होते! फेरलढतीत प्रशिक्षक स्टीफन रोचफर्डनी गोलकीपरच बदलला. डेव्हिड क्लार्कऐवजी रॉब हेनेली आला, त्याच्यामुळे डब्लिनला पेनल्टी मिळाली, त्याला काळं कार्ड मिळालं म्हणजे बाहेर जावं लागलं, क्लार्कला पुन्हा आत बोलवावं लागलं. मेयो एका पॉइंटने हरला. त्या बदलावर लोक अजूनही हमरीतुमरीवर येतात.

माझ्या मते गोलकीपरवर खापर फोडून मूळ दुखणं झाकलं जातं. 2012 ची फायनल, 2016 ची पहिली लढत, 2020 आणि 2021 ची फायनल पाहा. या चारही सामन्यांत समोरच्याच्या खात्यात दोन गोल, मेयोचा एकही नाही. 2021 मध्ये तर टायरोनविरुद्ध पेनल्टीही वाया घालवली. 2016 ची फेरलढत आणि 2017 ची फायनल, दोन्हींत मेयोचा एकुलता एक गोल ली कीगनने केला, आणि कीगन हा बचावपटू! मागून धावत येऊन, अंगावर जाऊन चेंडू हिसकावण्यात मेयोचा हात कुणी धरत नाही. गोलसमोर मात्र हात आखडतो.

बरं, फॉरवर्ड विकत आणायची सोय नाही. खेळाडू हौशी आहेत, दिवसा शाळेत शिकवतात, पोलिसात असतात, आणि सहसा आपल्याच काउंटीकडून खेळतात. विदर्भाने वसीम जाफरला घेतलं आणि 2017-18 मध्ये रणजी जिंकली, तसं इथे होत नाही. केरी काउंटीच्या मातीत डेव्हिड क्लिफर्डसारखा गोल करणारा फॉरवर्ड निपजला, केरीचं नशीब. मेयोची लोकसंख्या जेमतेम 1 लाख 38 हजार, डब्लिनची साडेचौदा लाखांच्या आसपास. त्या मानाने पोरांनी खूप केलं, हे मात्र कबूल करायला हवं.

त्यात 2025 पासून नियम बदलले. गोलसमोर आखलेल्या 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटचे दोन मिळतात, आणि प्रत्येक संघाला मैदानाच्या दोन्ही अर्ध्यांत किमान तीन खेळाडू ठेवावे लागतात. म्हणजे फॉरवर्डला मोकळी जागा, लांबून मारणाऱ्याला दुप्पट मोल. मेयोकडे भरवशाचा म्हणावा असा रायन ओ'डोनोह्यू, बाकी आनंदच. त्या वर्षी कॅसलबारमध्येच कॅव्हनकडून हार, डोनेगलकडून अगदी शेवटच्या क्षणी एका पॉइंटने, आणि गटातच गाशा गुंडाळला.

आता प्रशिक्षकपदाची सूत्रं अँडी मोरनकडे आहेत. 2013 च्या फायनलमध्ये मेयोचा गोल त्यानेच केला होता, तोही फॉरवर्ड म्हणून. 2017 मध्ये वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला होता. म्हणून त्याच्याकडून मला थोडी आशा आहे, पण असे फॉरवर्ड तयार व्हायला दोन-तीन मोसम लागतील.

कॅसलबारच्या मॅकहेल पार्क मैदानावर लीगचा सामना असेल तर जरूर जा, रेनकोट घेऊन. चेंडू कमानीपाशी आला की मेयोवाला मारतो की बाजूच्याला देतो, एवढंच बघा. देत राहिले तर समजा, यंदाही अवघड आहे. आणि ऑफिसात 2016 च्या गोलकीपरचा विषय आपण होऊन काढू नका, जेवणाची सुट्टी त्यातच संपते.