पणजोबा आयर्लंडमधल्या काउंटी कॉर्कचे, एवढंच माहीत आहे. त्यांचं मूळ घर कसं शोधायचं?

आधी ‘टाउनलँड’ शोधा. आपल्याकडच्या वाडीसारखं हे जमिनीचं सगळ्यात लहान एकक. नुसत्या काउंटीवरून घर सापडत नाही.

1922 साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतलं सरकारी दप्तर जळालं, म्हणून सगळं गेलं असं लोक धरून चालतात. तसं नाही. 1901 आणि 1911 ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहे. तिथे कुटुंबाच्या अर्जावर थांबू नका, घरांचा ‘बी-1’ अर्जही उघडा: भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर गवताचं की स्लेटचं, दर्शनी बाजूला खिडक्या किती, सगळं लिहिलेलं असतं. मला तर नावांपेक्षा हेच वाचायला आवडतं.

त्याआधीचं हवं असेल तर ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, म्हणजे करासाठी केलेली जमिनी-घरांच्या मूल्यांकनाची यादी (1847 ते 1864). त्यात कूळ, जमीनमालक आणि नकाशावरचा क्रमांक मिळतो. क्रमांकापुढचं ‘a’, ‘b’ हे अक्षर म्हणजे घर. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी 1864 पासूनच्या, त्यामागे कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वह्या. आडनावाच्या स्पेलिंगवर मात्र अडून बसू नका, आडनावाआधीचा ‘ओ’ कधी लागतो, कधी गळतो.