बँक देते किती, घराला झेपतं किती

“भाव असेच चढत राहिले तर आमचं घर कधी होणारच नाही.” तिशीतलं जोडपं, दोघंही नोकरदार, महागड्या शहरात भाड्यानं राहणारं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बँकेनं मंजूर केलेल्या रकमेवरून घरात रोजची धुसफूस. आत्ता नाही तर कधीच नाही, ही त्याची धास्ती. हप्त्यांपायी मूल आणि आईवडिलांची दुखणीखुपणी सगळंच मागे पडेल, ही तिची.

दोघांचीही भीती खरी होती. आकडा मात्र चुकीचा हातात होता. बँक पगार आणि चालू कर्जं बघून रक्कम ठरवते. पुढच्या वर्षी एकाचा पगार थांबणार असेल, तर ते तिच्या कागदावर येत नाही.

म्हणून आधी तालीम. दोघांची हातात येणारी मिळकत 100 धरली. त्यात भाडं 22. नवा हप्ता 45 आणि मेंटेनन्स, कर, विमा मिळून 5, म्हणजे 50. फरक 28. पगाराच्या दिवशीच हे 28 वेगळ्या खात्यात टाकायचे आणि सहा महिने उरलेल्यात घर चालवायचं. तिसऱ्या महिन्यात गाडीचा विमा आला, 15 काढावे लागले. पाचव्यात घरातल्या लग्नासाठी 9. वर्षातून एकदा येणारे असले खर्च महिन्याच्या हिशेबात कुणीच धरत नाही, आणि हप्ता चुकतो तो बहुधा इथेच. सहा महिन्यांत 168 ऐवजी 144 उरले, म्हणजे महिन्याला 24. झेपणारा हप्ता 45 नव्हे, 41.

“मग मुदत वाढवू,” तो म्हणाला. 9 टक्के दरानं 20 वर्षांसाठी कर्जाच्या हजार रुपयांमागे महिन्याचा हप्ता साधारण 9 रुपये बसतो, 30 वर्षांसाठी 8.05. हप्ता जेमतेम दहा टक्क्यांनी उतरतो. एकूण परतफेड मात्र कर्जाच्या 2.16 पटीवरून 2.9 पटीवर जाते. शिवाय 20 वर्षांच्या कर्जातही पहिल्या हप्त्याच्या 9 रुपयांमधले 7.5 व्याजातच जातात. पाच वर्षं हप्ते भरूनही जवळपास 89 टक्के मुद्दल शिल्लक असतं, त्यामुळे “दोन-तीन वर्षांनी विकून मोठं घेऊ” हा बेत भाव चढण्याच्या भरवशावरच उभा असतो.

साठवलेलं सगळं डाउन पेमेंटला ओतणं, ही दुसरी नेहमीची चूक. नोंदणी, मुद्रांक शुल्क, दलाली, किरकोळ फर्निचर हे सगळं त्यानंतर येतं आणि मग क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. यांना सांगितलं, सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवा, तिला हात नाही. बांधकाम चालू असलेल्या घरात ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही भरावं लागतं, म्हणून तो पर्याय तिनंच खोडला.

त्यांनी एक खोली कमी असलेलं, थोडं लांबचं घर पाहिलं. जाण्यायेण्याचा वाढीव खर्च 41 मधून वजा करूनच. धुसफूस पूर्ण थांबली नाही. पण आता वाद “घ्यायचं की नाही” यावर नसून कुठल्या भागात यावर आहे.

कर्ज घेताना एक अट नीट वाचायला सांगितली होती. बदलता दर सुरुवातीलाच 9 वरून 10 झाला आणि हप्ता तोच राहिला, तर 20 वर्षांचं कर्ज 26 वर्षांवर जातं. दर बदलल्याचं पत्र आलं की हप्ता वाढवून मुदत तीच ठेवता येते का, हे बँकेला लगेच विचारायचं.